नॉर्स देवराया: पुरावा काय, आणि त्या तोडल्या कोणी?

रानवाटा (प्रश्न; पुढची नावं उत्तर देणाऱ्यांची)

नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) लोकांच्या पवित्र रायांबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात तीन विधानं हमखास असतात. एक, स्वीडनमधल्या उप्सालाच्या राईत दर नऊ वर्षांनी ७२ माणसं झाडांना टांगत. दोन, संत बॉनिफेसने थोर देवाचा पवित्र ओक तोडला. तीन, राजा इंगेने १०८७ मध्ये उप्सालाचं देऊळ राईसकट जाळलं. यातलं मूळ साधनांत खरंच किती आहे? राईचा मातीतला पुरावा कुठे मिळाला आहे का, की सगळा डोलारा ख्रिस्ती पाद्र्यांच्या लिखाणावरच उभा आहे? आणि राया नष्ट केल्या म्हणायचं, तर कोणी, कधी आणि कशा? लेखात वापरायचं असल्यामुळे ढोबळ उत्तरापेक्षा कलम, वर्ष, जागा असं काही मिळालं तर उपयोग होईल.

समासटीप

‘७२ माणसं’ आधी खोडा.

ब्रेमेनचा अ‍ॅडम हा धर्मगुरू. त्याने १०७५ च्या सुमारास हाम्बुर्ग-ब्रेमेन धर्मपीठाचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला. उप्साला येतं चौथ्या भागात, प्रकरण २६ आणि २७ मध्ये. त्याचं म्हणणं असं: नऊ वर्षांनी साऱ्या स्वीडिश प्रांतांचा मिळून उत्सव होतो. प्रत्येक जातीच्या जिवांतले नऊ नर बळी देतात, रक्ताने देवांना शांत करतात आणि मृतदेह देवळालगतच्या राईत टांगतात. माणसांबरोबर कुत्री आणि घोडेही लटकत असतात. एका ख्रिस्ती माणसाने त्याला सांगितलं, असे ७२ देह सरमिसळ टांगलेले पाहिले. म्हणजे ७२ हा आकडा माणसं आणि जनावरं मिळून आहे.

अ‍ॅडमच्या हस्तलिखितांत समासात टिपा आहेत, काही त्याच्या स्वतःच्या, काही नंतरच्या हातच्या. टीप १४१ सांगते की सोहळा नऊ दिवस चालतो, रोज एक माणूस आणि सोबत इतर प्राणी दिले जातात, त्यामुळे नऊ दिवसांत ७२ जीव होतात, आणि हे वसंतसंपाताच्या आसपास घडतं. रोज आठ जीव, त्यातला एक माणूस. मूळ मजकुराप्रमाणे प्रत्येक जातीचे नऊ धरले तर ७२ म्हणजे आठ जाती. दोन्ही वाटांनी माणसं नऊच येतात. ‘नऊ वर्षांनी’ हेही जपून वाचायचं: लॅटिनमध्ये दोन्ही टोकं धरून मोजायची पद्धत असल्याने बरेच अभ्यासक प्रत्यक्षात आठ वर्षांचं आवर्तन मानतात.

टीप १३८ मध्ये देवळाजवळचं एक अवाढव्य झाड येतं. फांद्या लांबवर पसरलेल्या, हिवाळा-उन्हाळा हिरवंगार, जात कोणालाच माहीत नाही. शेजारी झरा, त्यात जिवंत माणूस बुडवत. हे झाड म्हणजे इग्द्रासिलच (नॉर्स पुराणकथांतला विश्ववृक्ष), असं सरळ लिहून टाकतात ते चुकतं. एड्डा काव्यांत (जुन्या नॉर्स देव-वीरगाथांत) इग्द्रासिल अ‍ॅश आहे, आणि अ‍ॅशची पानं हिवाळ्यात झडतात. सदाहरित म्हटलं की यू वृक्षाकडे बोट दाखवलं जातं, पण तोही तर्कच. शिवाय हे झाड आणि राई टिपेत व मजकुरात वेगवेगळी आहेत, त्यांची गल्लत करू नये.

माझ्या मते सगळ्यांत मोलाचं वाक्य दुसरंच आहे. अ‍ॅडम लिहितो की त्या राईतलं एकेक झाड बळींच्या मृत्यूमुळे आणि कुजण्यामुळे दैवी मानलं जातं. आपल्याकडच्या देवराईत जागा देवाची, म्हणून तिथे कोयता चालत नाही. इथे क्रम उलटा आहे: बळी टांगला, म्हणून झाड पवित्र. ‘देवराई’ शब्द सोयीचा आहे, वापरावाही. मात्र त्याबरोबर ‘काटकीसुद्धा उचलायची नाही’ हा आपला नियम उप्सालाच्या गळ्यात घालू नये. अ‍ॅडम तसं काही म्हणत नाही.

अ‍ॅडम स्वतः उप्सालाला गेला नव्हता. डेन्मार्कचा राजा स्वेन एस्ट्रिडसन आणि इतरांकडून ऐकून त्याने लिहिलं.

मातीकाम

मातीतला पुरावा आहे. तो थोडा असला तरी त्यातली एक जागा विलक्षण आहे.

स्वीडनच्या येम्टलंड प्रांतात स्टूरशॉन सरोवरात फ्रॉसॉ नावाचं बेट आहे. नावाचा अर्थ फ्रेय देवाचं बेट. तिथल्या मध्ययुगीन दगडी चर्चमध्ये १९८४ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा वेदीच्या बरोबर खाली बर्चचा बुंधा मुळांसकट जागच्या जागी सापडला. (बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचंच कूळ.) बुंध्याभोवती आणि मुळांमध्ये जनावरांची हाडं. किमान पाच अस्वलं, शिवाय एल्क, तांबडं हरीण, डुकरं, शेळ्या-मेंढ्या, गुरं. अस्वलांच्या अंगाचे सगळे भाग मिळाले, एल्क आणि हरणांचं मात्र प्रामुख्याने डोकं. म्हणजे अस्वल अख्खं आलं आणि बाकीच्यांचं मांस दुसरीकडे गेलं, बहुधा पंगतीत. हाडांचा काळ वायकिंग युगाचा, साधारण अकराव्या शतकापर्यंतचा. चर्च त्यानंतरचं. जवळच्या वस्तीचं नाव होव, आणि जुन्या नॉर्समध्ये ‘होफ’ म्हणजे पूजास्थान.

लेखात तीन ठिकाणी जपा.

‘अस्वलं झाडाला टांगली होती’ हे हाडांवरून सिद्ध होत नाही. टांगलेला देह कुजून सांधे सुटले की हाडं खाली पडतात, आणि बुंध्याशी ठेवलेल्या देहाची हाडंही तिथेच राहतात. टांगण्याचा तर्क अ‍ॅडमवरून आला आहे. तो पटण्यासारखा असला, तरी लिहिताना तर्क म्हणूनच लिहा.

‘पाद्र्यांनी झाड तोडून त्यावर वेदी मांडली’ हेही एका दमात लिहू नका. बुंधा खाली, वेदी वर, आणि मधल्या काळात झाड उभं नव्हतं एवढं खरं. कुऱ्हाड कोणी चालवली हे माती सांगत नाही. बेटावर एक रूनशिला आहे, अकराव्या शतकाच्या मध्याच्या आसपासची. तीवर ‘गुडफास्टचा मुलगा ऑस्टमान याने हा दगड उभारला, हा पूल बांधला आणि येम्टलंड ख्रिस्ती केलं’ असं कोरलेलं आहे. म्हणजे धर्मांतराचं श्रेय इथे एका स्थानिक माणसाला जातं, आणि तोही तेवढ्याच अभिमानाने पुलाचा उल्लेख करतो. झाड कधी आडवं झालं, हे या शिलेच्या काळाशी जोडून पाहणं सयुक्तिक आहे.

तिसरं म्हणजे हे एक झाड आहे. त्याभोवती राई होती का, हे चर्चच्या चार भिंतींतल्या खड्ड्यावरून कळणं शक्य नाही.

राई म्हणून खणलेली जागा म्हणजे सोडर्मनलंडमधल्या स्ट्रेंगनेसजवळची लुंडा. या शतकाच्या सुरुवातीला महामार्गाच्या कामाआधी तिथे उत्खनन झालं. टेकाडाच्या उतारावर दगडांचे थर, आणि त्यांत भाजून बारीक केलेली हाडं, काचेचे मणी, राळेचे तुकडे, लोखंडी सुऱ्या अशा वस्तू विखुरलेल्या मिळाल्या. दफनभूमीसारखी वाटणारी ही जागा, पण थडगी नाहीत. शेजारच्या दिवाणखान्याच्या (मोठ्या सभागृहाच्या) परिसरात तीन इवल्या नग्न पुरुषमूर्ती सापडल्या, एक सोन्याची आणि दोन मुलामा दिलेल्या ब्राँझच्या. या मूर्ती राईत सापडल्या असं कुठे कुठे छापलेलं दिसतं. त्या इमारतीशी निगडित आहेत.

आणखी जागा का सापडत नाहीत, हे लेखात जरूर घाला. स्कँडिनेव्हियातली जंगलमाती बहुतेक ठिकाणी आम्ल. कच्चं हाड काही शतकांत विरघळून जातं. उच्च तापमानात भाजलेल्या हाडाचे स्फटिक बदललेले असतात, म्हणून तेवढंच टिकतं. टांगून कुजू दिलेल्या बळीचं हाड भाजलेलं नसतं, तेव्हा उप्सालासारखी राई प्रत्यक्ष असली तरी तिचा सर्वांत मोठा पुरावा आपोआप नाहीसा होतो. उरलं ते नखाएवढे तुकडे. यंत्राने वरची माती ओढली की तेही जातात. अशी जागा हातानेच उघडावी लागते, सगळी माती बारीक जाळीच्या चाळणीतून काढावी लागते आणि प्रत्येक तुकड्याची जागा नकाशावर टिपावी लागते. विखुरण्याचा आकृतिबंध हाच इथे खरा शोध असतो, सुटा तुकडा काहीच बोलत नाही. भाजलेल्या हाडाचं कार्बन-१४ कालमापन गेल्या पंचवीसेक वर्षांत शक्य झालं आहे, पण भाजताना सरपणातला कार्बन हाडात शिरतो. सरपण जुन्या लाकडाचं असेल तर वय खऱ्यापेक्षा जास्त येतं.

उप्सालाबद्दल: चर्चखाली १९२६ मध्ये सापडलेल्या खांबांच्या खड्ड्यांना ‘अ‍ॅडमचं देऊळ’ म्हणण्याची पद्धत आता बरीच मागे पडली आहे. जवळच्या पठारावर सुमारे ५० मीटर लांबीच्या भव्य दिवाणखान्याचे अवशेष आहेत. २०१२-१३ मध्ये रेल्वेमार्गाच्या कामात जवळपास एक किलोमीटर लांब खांबांची रांग उघडी पडली, ती अ‍ॅडमच्या कित्येक शतकं आधीची. राईचा म्हणून सांगता येईल असा अवशेष उप्सालात मिळालेला नाही.

ओसरी

बॉनिफेसबद्दल थोडक्यात. ७२३ किंवा ७२४ साल, गाव गाइस्मार, प्रांत हेस्सेन, म्हणजे आजचा जर्मनी. झाड डोनार देवाचं. डोनार आणि थोर एकाच मुळातले, पण ही कथा नॉर्स लोकांची नाही आणि वायकिंग युगाच्याही आधीची आहे. त्याच्या चरित्रकाराने लिहिलंय की थोडी खाच पडताच वाऱ्याने झाड कोसळलं, त्याचे चार भाग झाले, आणि त्या लाकडातून संत पीटरचं प्रार्थनागृह उभं राहिलं. फ्रँक राजा शार्लमेनने ७७२ मध्ये एरेसबुर्गजवळ पाडलेला इर्मिनसुल सॅक्सन लोकांचा, आणि तो खांब होता, राई नव्हे.

अ‍ॅडमच्या घरचंच उदाहरण मात्र कोणी देत नाही. ब्रेमेनचा आर्चबिशप उनवान (१०१३ ते १०२९) याने आसपासच्या दलदलीतले लोक ज्या रायांना भजत त्या तोडायला लावल्या आणि त्याच लाकडाची चर्चं बांधवली. हे अ‍ॅडमच दुसऱ्या भागात नोंदवतो. उप्सालाच्या राईचं भेसूर वर्णन करणाऱ्या लेखकाच्या धर्मपीठाने स्वतःच्या दारातल्या राया दोन पिढ्यांपूर्वी तोडलेल्या होत्या. त्याच्या लेखी राई म्हणजे अपुरं राहिलेलं काम. उप्सालाचं प्रकरण या नजरेने पुन्हा वाचून पाहा.

रानवाटा

म्हणजे कुऱ्हाडीच्या प्रसिद्ध कथा सगळ्या जर्मन मुलखातल्या. मग नॉर्स राईवर प्रत्यक्ष घाला घातल्याची एकही नोंद नाही? डब्लिनजवळच्या ‘थोरच्या वनाचा’ उल्लेख पाहिला होता. आणि १०८७ चं काय?

समासटीप

डब्लिनचं वन खरं आहे. आयरिश नोंदींत त्याचं नाव काइल तोमाइर, तोमारचं वन. ९९९ च्या अखेरीस ग्लेन मामाच्या लढाईत आयरिश राजा ब्रियान बोरूने डब्लिनच्या नॉर्स लोकांचा पराभव केला आणि पाठोपाठ शहर लुटून हे वन जाळलं. पण ‘तोमार’ म्हणजे थोर देव की डब्लिनच्या राजघराण्याचा मूळपुरुष, यावर अभ्यासकांत एकमत नाही. आयरिश लेखक त्या घराण्यालाच ‘तोमारचे लोक’ म्हणतात, त्यामुळे मूळपुरुषाची बाजू मला जड वाटते. आणि जाळणारा विजेता सेनापती होता, मिशनरी नव्हे. शत्रूचं मानचिन्ह आणि लाकडाचा साठा एकाच आगीत गेला. नॉर्स राई नष्ट केल्याची नोंद म्हणून हे उदाहरण द्या, पण ‘धर्मासाठी’ हा शब्द लावू नका.

१०८७ साठी समकालीन आधार नाही. सागा (जुनी आइसलंडी गद्यकथा) सांगते ती गोष्ट अशी: राजा इंगेने बळी द्यायला नकार दिला, सभेत त्याला दगड मारून हाकललं, मेहुणा स्वेन बळी द्यायला तयार झाला म्हणून गादीवर आला आणि ‘ब्लोट-स्वेन’ म्हणवला गेला. ‘ब्लोट’ म्हणजे बळीचा विधी. तीन वर्षांनी इंगे परतला, स्वेनच्या घराला वेढा घालून आग लावली आणि बाहेर येताच त्याला मारलं. जळलं ते घर. देवळाचं किंवा राईचं नाव तिथे येत नाही. वर्ष नंतरच्या इतिहासकारांनी अंदाजाने बसवलं.

उलट न तोडल्याची नोंद पक्की आहे. अ‍ॅडम चौथ्या भागात सांगतो: स्कोनेचा बिशप एगिनो आणि सिग्टुनाचा अडालवार्ड यांनी उप्सालाचं देऊळ जाळायचं किंवा पाडायचं ठरवलं होतं. राजा स्टेनकिल स्वतः ख्रिस्ती, पण त्यानेच त्यांना परावृत्त केलं. तुम्हा दोघांना देहदंड होईल, मला राज्याबाहेर काढतील आणि आता ख्रिस्ती झालेले लोकही उलटतील, असं त्याचं म्हणणं. ही भीती पोकळ नव्हती. काही दशकांपूर्वी वुल्फ्रेड नावाच्या इंग्रज धर्मप्रचारकाने स्वीडिश लोकांच्या सभेत थोरच्या मूर्तीवर कुऱ्हाड घातली होती. लोकांनी त्याला तिथेच ठार करून प्रेत दलदलीत बुडवलं.

कलमबहाद्दर

राया कशा संपल्या याचं उत्तर कायद्यात शोधा. कुऱ्हाडीच्या कथेपेक्षा ते रुक्ष आहे, पण बंदी कशावर घालावी लागली यावरून काय चालू होतं ते कळतं.

गोटलंड बेटाचा गुटा कायदा, तेराव्या शतकातला. त्यात म्हटलंय की कोणीही राईचा, टेकाडांचा, जुन्या देवांचा, ‘वी’चा किंवा ‘स्टाव्गार्थ’चा धावा करू नये. वी म्हणजे पवित्र जागा. स्टाव्गार्थ म्हणजे बहुधा जुन्या घरांचे अवशेष असलेलं आवार. खाण्यापिण्याचा नैवेद्य ख्रिस्ती रीत सोडून दाखवल्याचं शाबीत झालं तर तीन मार्क दंड. लोकांचा कल नेमका कुठे होता ते या नैवेद्याच्या कलमावरून दिसतं: माणसं टांगणं केव्हाच संपलेलं, वाडगाभर अन्न ठेवणं चालू.

१२९६ चा उपलंडचा कायदा, म्हणजे उप्साला ज्या प्रांतात आहे तिथलाच: मूर्तींना बळी देऊ नये, राईवर किंवा दगडांवर श्रद्धा ठेवू नये. उप्सालात आर्चबिशपची गादी ११६४ मध्ये आली. त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी हे कलम लिहावंसं वाटलं. यावर आक्षेप असा की कायदे एकमेकांची नक्कल करतात, जुनं कलम सवयीने पुढे येतं. आक्षेप रास्त आहे, पण गुटा कायद्यातली ‘स्टाव्गार्थ’सारखी स्थानिक संज्ञा नकलेतून येत नाही.

इंग्लंडमध्ये डॅनिश राजा क्नूटच्या कायद्यात (१०२० च्या सुमारास) सूर्य, चंद्र, अग्नी, पाणी, झरे, दगड आणि रानातली कुठलीही झाडं पुजायला मनाई आहे. त्याच शतकाच्या सुरुवातीचा नॉर्थम्ब्रियाच्या धर्मगुरूंसाठीचा कायदा जास्त उपयोगी, कारण तो नॉर्स लोक वसलेल्या मुलखाचा. कोणाच्या जमिनीत दगड, झाड किंवा झऱ्याभोवती ‘फ्रिथगार्ड’, म्हणजे अभयाचं कुंपण, आढळलं तर ते घालणाऱ्याने दंड भरावा, अर्धा चर्चला, अर्धा जमीनमालकाला. जमीनमालकाला वाटा देण्यातली हुशारी पाहा: ज्याने कानाडोळा केला असता त्यालाच तपासनीस केलं.

सॅक्सन मुलखातला जुना दाखला हवा असेल तर शार्लमेनचा फतवा (७८० च्या दशकातला): झरे, झाडं वा राईपाशी नवस बोलणाऱ्याला दंड, उमरावाला ६० सॉलिडस (तेव्हाचं चलन), स्वतंत्र माणसाला ३०, अर्धस्वतंत्राला १५.

नावगाव

स्थलनामांवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. जुन्या नॉर्समध्ये राईला ‘लुन्द्र’. देवाचं नाव अधिक लुन्द्र अशी गावं स्वीडनमध्ये आहेत: थोरवरून टोर्सलुंडा, फ्रेयवरून फ्रॉसलुंडा, ओडिनवरून ओडेन्सलुंडा. उत्खननाशिवाय रायांचा विस्तार दाखवणारा हा सर्वांत मोठा पुरावा.

पण नकाशावर ‘लुंड’ दिसलं की राई मोजू नका. लुंड म्हणजे नुसती झाडांची गर्दीसुद्धा. रोझेनलुंडसारखी नावं नंतरच्या काळात हौसेने दिलेली आहेत, आणि बेरिलुंडसारखी आडनावं तर केवळ शोभेची. कसोटी अशी लावतात: नावाचं सर्वांत जुनं लिखित रूप मध्ययुगीन हवं. पहिला भाग देवाचाच आहे, माणसाच्या नावाचा नाही, हे त्या रूपावरून ठरायला हवं. तोरे, तोर्स्टेन अशी माणसांची नावं थोरवरूनच आलेली असल्याने इथेच जास्त फसगत होते. मग आसपास देवाच्या नावाची इतर गावं, ‘वी’, ‘होव’, ‘होर्ग’ (तीनही पूजास्थानाचे शब्द) असलेली नावं, मोठी दफनभूमी असं काही जवळ आहे का ते बघायचं.

काव्यात एक जोड फार बोलकी आहे. रोमन लेखक टॅसिटस इ.स. ९८ मध्ये सेम्नोनेस टोळीच्या राईबद्दल लिहितो: आत जायचं तर स्वतःला बांधून घेऊन, आणि कोणी पडलाच तर उठायचं नाही, लोळत बाहेर यायचं. एड्डातल्या हेल्गी या वीराच्या गाण्यात ओडिनच्या भाल्याने हेल्गी मारला जातो ती जागा ‘फ्योतुरलुन्द्र’, बेड्यांची राई. मध्ये हजारभर वर्षं आहेत, म्हणून थेट परंपरा म्हणता येत नाही. तरीही हे नाव दुसऱ्या कशाने नीट उलगडत नाही.

आइसलंडच्या वसाहतीच्या बखरीत थोरिर स्नेपिल नावाचा माणूस फ्न्योस्काडालुर खोऱ्यात लुन्द्र इथे वसला आणि ‘त्याने राईला बळी दिले’, एवढंच वाक्य येतं. बळी राईला, राईतल्या देवाला नव्हे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला तिथे आणखी एक उत्तर मिळतं: वसाहतीनंतर आइसलंडची बहुतेक बर्चवनं सरपण, कोळसा आणि मेंढ्यांच्या चराईने गेली. राई मोडायला तिथे पाद्री लागला नाही. योगायोगाने त्याच खोऱ्यात वाग्लास्कोगुर हे देशातल्या मोठ्या बर्चवनांपैकी एक आजही उभं आहे. थोरिरची राई ती हीच, असं मात्र कोणी लिहू नये.

मातीकाम

नावगाव यांच्या मुद्द्याला जोड: टांगलेल्या देहांसाठी अ‍ॅडमखेरीज दोन चित्रंही आहेत. नॉर्वेतल्या ओसेबर्ग जहाज-दफनातल्या (इ.स. ८३४) विणलेल्या पट्टीवर झाडाला लटकलेली माणसं दिसतात, आणि गोटलंडच्या स्टोरा हामार्स चित्रशिलेवर एक माणूस झाडाला टांगलेला आहे. दोन्ही वस्तू नॉर्स लोकांनी स्वतः केलेल्या आणि अ‍ॅडमच्या खूप आधीच्या. ‘सगळं पाद्र्यांचं लिखाण’ या शंकेला उत्तर द्यायचं झालं तर फ्रॉसॉच्या बुंध्याशेजारी ही पट्टी ठेवा.

रानवाटा

उप्सालाचं वाक्य आता असं करतो: ‘अ‍ॅडमने ऐकलेल्या वृत्तान्तानुसार माणसं, घोडे, कुत्री मिळून ७२ देह राईत टांगलेले होते, त्यांत माणसं बहुधा नऊ.’ इंगेचं वाक्य काढतो, त्याजागी स्टेनकिलचा नकार आणि १२९६ चं कलम घालतो. बॉनिफेस फक्त तळटीपेत.

समासटीप

‘बहुधा नऊ’च्या आधी ‘समासातल्या टिपेच्या हिशेबाने’ एवढं जोडा.

ओसरी

बॉनिफेसऐवजी तळटीपेत उनवान घ्या. काळ जवळचा आहे आणि सांगणारा अ‍ॅडमच आहे.